नातीच्या आजारामागे ‘घरातलं पाप’? ख्रिस्ती आणि इतर वाचकांशी बोलायचं आहे

शलोमी

सर्वांना सलाम आणि नमस्कार.

आम्ही मूळचे नगरचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. रविवारची उपासना, संध्याकाळची घरची प्रार्थना, नाताळात गल्लीभर फिरणारी गाण्यांची मंडळी, अशा घरात मी वाढले. पापाबद्दल बोलायचे ते आमचे पाळक उपदेशात. जेवणाच्या ताटावर तो विषय कधी निघाला नव्हता.

माझ्या भावाच्या धाकट्या मुलीला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. वर्षाची व्हायच्या आत निदान झालं. तेव्हापासून दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, शिवाय शरीरात साठणाऱ्या लोहासाठी औषधं. भाऊ आणि वहिनी हळूहळू सावरले. आई सावरली नाही. ती एका प्रार्थनागटात जायला लागली. तिथल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी घरी येऊन, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की या घरात कबूल न केलेलं पाप आहे, वंशातून उतरलेला शाप आहे, तो शोधा.

मग शोध सुरू झाला. वहिनीचे वडील दारू प्यायचे. तिच्या आजीने म्हणे कुणाकडून तरी गंडा बांधून घेतला होता. एका रविवारी पाहुण्यांनी भरलेल्या घरात आई वहिनीला म्हणाली, “तुझ्या माहेरचं पाप माझ्या नातीला भोवलं.” वहिनी काही बोलली नाही, मुलीला उचलून निघून गेली. तेव्हापासून भाऊ-वहिनी वेगळे राहतात आणि चर्चलाही येत नाहीत.

आता आई म्हणते, नाताळला घरी या, झालं गेलं विसरा, ख्रिस्ती माणसाने मनात धरून ठेवू नये. वहिनीचं म्हणणं, “मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करते. पण माझी मुलगी त्या घरात शाप म्हणून पाऊल टाकणार नाही.”

मला जाणून घ्यायचंय की आपला विश्वास दुखण्याबद्दल खरंच असं शिकवतो का. आणि हे नातं जोडायचं तर सुरुवात कुठून करायची, कुणी करायची?

निवृत्त_पाळक

सलाम, शलोमीताई. सोलापूर आणि मराठवाड्यातल्या मंडळ्यांत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, सेवा करून मी आता घरी बसलो आहे. ‘शाप शोधा’ हे मी फार घरांत ऐकलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

योहानाचा नववा अध्याय उघडा. जन्मांध माणूस रस्त्यात दिसतो आणि शिष्य विचारतात, गुरुजी, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? तुमच्या घरी आलेल्या गृहस्थांचा प्रश्न हाच होता. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. यानेही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. एवढं बोलून तो थांबत नाही, खाली वाकतो, माती कालवतो आणि त्याच्या डोळ्यांना लावतो. शिष्यांना त्या माणसाविषयी चर्चा करायची होती. येशू त्याच्यापाशी गेला.

लूकाच्या तेराव्या अध्यायात दोन बातम्या एकत्र येतात. रोमी सुभेदार पिलाताने काही गालीलकरांना यज्ञ करतानाच मारलं. आणि शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली. एक कत्तल, दुसरा अपघात. येशू विचारतो, ही माणसं इतरांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का? नाही, असं तोच सांगतो. मग ऐकणाऱ्यांकडे वळून म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप करा. बुरूज दुसऱ्यावर पडला तर आपण आपलं मन तपासायचं, मेलेल्यांची वही उघडायची नाही.

आणि ईयोब, काही दोष नसताना सगळं गमावून दुखण्यात पडलेला माणूस. त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्या पुस्तकात त्यांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट ती. नंतर तोंड उघडलं आणि बिघडलं. देव न्यायी आहे, तू भोगतो आहेस, म्हणजे तू काहीतरी केलंस, हाच त्यांचा सगळा युक्तिवाद. ऐकायला तो धार्मिक वाटतो. पण शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायाच्या सातव्या ओवीत, देव अलीफजला सांगतो की माझा क्रोध तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर भडकला आहे, कारण माझ्याविषयी तुम्ही ईयोबासारखं यथार्थ बोलला नाहीत. ज्या ईयोबाने देवाला जाब विचारला, जन्मदिवसाला शाप दिला, त्याचं बोलणं देवाने उचलून धरलं.

तुमच्या वहिनीला हा अध्याय कुणीतरी वाचून दाखवायला हवा होता.

डॅनी_पिंपरी

प्रभूची स्तुती असो. पाळकसाहेबांचा आदर राखून लिहितो. मी अशाच एका प्रार्थनागटात वाढलो. तिथे माझ्या वडिलांची दारू सुटली, म्हणून त्या गटांबद्दल मला कृतज्ञता आहे.

पण शास्त्रातली एकच बाजू पुढे येते आहे असं वाटतं. योहान पाच मध्ये अडतीस वर्षं आजारी असलेल्याला बरं केल्यावर येशूच म्हणतो, आता पाप करू नकोस, नाहीतर याहून वाईट होईल. दावीद राजाने बथशेबा या दुसऱ्याच्या बायकोच्या बाबतीत पाप केलं आणि त्याचं मूल गेलं, असं दुसऱ्या शमुवेलात स्पष्ट आहे. वाडवडिलांच्या अपराधाबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन, हे तर दहा आज्ञांतच आहे. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हणजे निरोगी व्हाल असं आहे. मग पाप आणि दुखणं यांचा काहीच संबंध नाही असं कसं म्हणायचं?

ताईंच्या आईंनी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, हे मान्य. पण प्रश्नच विचारायचा नाही, हे पटत नाही.

मार्था_मिरज

मी बरीच वर्षं रुग्णालयात परिचारिका आहे, रक्तपेढीतही काम केलं आहे. शास्त्राचं पाळकसाहेब बोलतील, मी आजाराचं सांगते.

थॅलेसेमिया मेजर होण्यासाठी बाळाला दोन्हीकडून, आईकडून आणि बापाकडून, तो जनुक यावा लागतो. आईबाप दोघेही वाहक असतात, म्हणजे मायनर. स्वतः ठणठणीत, फार तर थोडा रक्तक्षय. असे दोघे एकत्र आले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर असण्याची शक्यता २५ टक्के. तेव्हा शलोमीताई, तुमच्या आईंनी ज्या माहेराकडे बोट दाखवलं, त्यातला अर्धा भाग तुमच्याच घराण्याकडून आला आहे. हे कुणाला हिणवायला लिहीत नाही. आपल्या देशात शंभरात तीन-चार माणसं वाहक असतात आणि बहुतेकांना ते माहीतही नसतं.

आणखी एक, तुमची स्वतःची चाचणी झाली आहे का? लग्नाआधी किंवा मूल होण्याआधी हिमोग्लोबिन ए-२ तपासून घ्या. चुलत आणि मावस भावंडांनीही घ्यावी. मुलीला अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकतं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आहे. भावाने अजून काढलं नसेल तर काढून घ्यावं.

वॉर्डात बेडच्या पायथ्याशी उभं राहून आईला “काय पाप केलंस” विचारणारे नातेवाईक मी सगळ्या धर्मांचे पाहिले आहेत. आजारी मुलांना ते ऐकू येतं. चार-पाच वर्षांच्या मुलांनाही समजतं की आपल्यामुळे घरात भांडण आहे.

निवृत्त_पाळक

डॅनी, तू मांडलेले चारही संदर्भ खरे आहेत, त्यामुळे तुला नीट उत्तर द्यायला हवं.

पाप आणि दुखणं यांचा संबंध आहेच. जगातलं निम्मं-अधिक दुःख माणसाच्या पापातून येतं. फक्त ज्याचं पाप त्याचंच दुःख, असा हिशेब जुळत नाही. पिलाताचं पाप, मेले गालीलकर. बापाची दारू, उपाशी पोरं. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दाविदाच्या गोष्टीचा क्रम बघ. पाप आधी उघड होतं, बथशेबेचा नवरा उरिया याचा खून झाला होता. संदेष्टा नाथान आला तो राजाकडे, बलवानाकडे, आणि त्याच्या तोंडावर बोलला. आजारी मूल पाहून कुणाचं पाप असावं असं हुडकत तो फिरला नव्हता. बथशेबेला त्याने शब्दानेही दोष दिला नाही. त्याच अध्यायात पुढे दाविदाने तिचं सांत्वन केलं असं लिहिलं आहे. शलोमीताईंच्या घरी नाथान सुनेकडे गेला, कारण ती घरात सगळ्यांत दुबळी. तरीही ते मूल का गेलं हा प्रश्न उरतो, आणि तो अध्याय मी आजही जड मनाने वाचतो.

तिसऱ्या-चौथ्या पिढीबद्दल यहेज्केलाचा अठरावा अध्याय वाच. लोक म्हण म्हणत होते की बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. देव शपथ घालून सांगतो, ही म्हण इस्राएलात पुन्हा चालणार नाही. जो जीव पाप करतो तोच मरेल, मुलगा बापाच्या अपराधाचं ओझं वाहणार नाही. ‘वंशाचा शाप’ शिकवणाऱ्या सभांत हा अध्याय वाचलेला मी अजून ऐकला नाही.

याकोब म्हणतो, एकमेकांजवळ पापं कबूल करा. आपापली कबूल करा. दुसऱ्याची त्याच्या वतीने जाहीर करा, असं तिथे नाही.

कोथरूडची_वाचक

मी ख्रिस्ती नाही, पण धागा मन लावून वाचते आहे. आमच्याकडे हेच ‘पूर्वजन्मीचं कर्म’ या नावाने येतं. माझ्या आत्येबहिणीला मूल नाही. तिने काय काय ऐकलं ते लिहवत नाही.

एक समजत नाही. तुमच्यात माणूस जन्मतःच पापी असं म्हणतात ना? मग तान्हं बाळही पापी ठरलं. मग शलोमीताईंच्या आई जे म्हणाल्या त्याला जागा तिथूनच मिळत नाही का?

पापडीकर

वसईहून, कॅथलिक. प्रश्न अगदी वर्मावर आहे.

आदिपाप म्हणजे बाळाने केलेला गुन्हा असं चर्च शिकवत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणात सांगतात की ते आपल्याला लागलेलं आहे, आपण केलेलं नाही. ती अवस्था आहे, कृती नाही. आपण सगळेच अशा जगात जन्मतो जिथे देवाशी, एकमेकांशी, मातीशी असलेलं नातं आधीच तुटलेलं आहे. ते कुणा एका घराला लागलेलं नाही. त्यामुळे आदिपाप मानणाऱ्याला दुसऱ्या घराकडे बोट दाखवायची सोयच राहत नाही.

उत्पत्तीचा तिसरा अध्याय मला या दृष्टीने फार महत्त्वाचा वाटतो. आदाम आणि हव्वेने मना केलेलं फळ खाल्ल्यावर पहिल्यांदा काय झालं? दोघांनी एकमेकांपासून अंग झाकलं, मग देवापासून लपले. देवाने विचारलं तेव्हा आदाम म्हणाला, तू मला दिलेल्या या बाईने दिलं. एका वाक्यात बायकोवर आणि देवावर दोघांवर ढकलून मोकळा. चौथ्या अध्यायात भावाने भावाला मारलं. देव या दोन अध्यायांत विचारतो, तू कुठे आहेस? आणि तुझा भाऊ कुठे आहे? माझ्या मते पापाची सगळी शिकवण या दोन प्रश्नांत आहे.

शलोमीताई, तुमच्या घरात पाप शोधायचंच असेल तर ते सापडलं आहे. आजारी मुलीच्या आईकडे सगळ्यांनी बोट केलं, तेच. बाकी शोध थांबवायला हरकत नाही.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आमच्या प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्ताप आणि पापांची कबुली यांच्यानंतर भरपाईही असते. पापक्षमा मिळाली म्हणजे पापाने केलेली मोडतोड दुरुस्त झाली असं होत नाही. चोरलं असेल तर परत करायचं, आणि कुणाची बदनामी केली असेल तर त्याचं नाव पुन्हा स्वच्छ करायचं, हे धर्मशिक्षणात उदाहरण म्हणून दिलेलं आहे. लहानपणी रांगेत उभं राहून फादरांना पापं सांगताना याचं वजन कळलं नव्हतं. लग्नानंतर कळलं.

केडगाव_लाइन

कोथरूडच्या ताईंनी पूर्वजन्मीच्या कर्माचा विषय काढला म्हणून लिहितो.

पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले. १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. पदरी तान्ही मुलगी मनोरमा, रमाबाईंचं वय २३. विधवेने मागच्या जन्मी पाप केलं म्हणून नवरा गेला, ही त्या काळची सर्रास समजूत. रमाबाई आयुष्यभर तिच्याशी भांडल्या. १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका केडगावला आणल्या. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये फसवल्या गेलेल्या, रस्त्यावर टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं, आणि आंधळ्यांसाठी बार्तीमय सदन. यरीहोच्या रस्त्यावर ओरडणाऱ्या आंधळ्या बार्तीमयाचं नाव त्या घराला दिलं. ही आंधळी का झाली याची चौकशी तिथे नव्हती. तिला ब्रेल वाचायला शिकवत.

आणि त्याच मुक्तीत १९०५ मध्ये जे आध्यात्मिक जागरण झालं त्यात शेकडो मुली रडून आपली पापं कबूल करत होत्या. म्हणजे पाप हा शब्द रमाबाईंना जड नव्हता, त्यांचा विश्वास कडक होता. पण प्रत्येकीने आपलं कबूल करायचं, आणि जिच्यावर दुःख कोसळलं आहे तिला भाकरी, घर आणि काम द्यायचं. या दोन गोष्टींची त्यांनी सरमिसळ केली नाही.

विधवेला पापी म्हणणाऱ्या समजुतीतून ज्या बायका बाहेर पडल्या, त्यांच्या समाजातल्या घरात आज सुनेला तेच ऐकवलं जातं. मला याचा संताप येतो.

शलोमी

तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. मार्थाताई, माझी चाचणी झालेली नाही, करून घेते. भावाच्या प्रमाणपत्राचंही विचारलं, त्याने काढलेलं नाही.

आईशी बोलले. पूर्वीइतकी ठाम राहिलेली नाही. ती माणूस म्हणून वाईट नाही. नात आजारी पडल्यावर तिला कुणीतरी सांगायला हवं होतं की हे कशामुळे झालं. पहिलं उत्तर ज्याने दिलं ते तिने धरलं. पण आता तिला क्षमा मागण्यापेक्षा सगळं पूर्ववत व्हायची घाई आहे. “सत्तर वेळा सात क्षमा करा असं प्रभूच म्हणतो ना, मग तिने करावी की.” यावर काय बोलायचं?

रूथ_जालना

ताई, हे ‘सत्तर वेळा सात’ मला फार वर्षं ऐकवलं गेलं, म्हणून मी लिहिते. नवरा मारायचा. मंडळीतल्या वडीलधाऱ्या बायका म्हणायच्या, क्षमा कर, आपला क्रूस वाहा, तुझ्या सहनशीलतेने त्याचं तारण होईल. मी दर वेळी परत गेले. शेवटी एका पाळकांच्या बायकोने मला आपल्या घरात ठेवून घेतलं आणि सांगितलं, प्रभूने क्रूस स्वतःहून उचलला होता. तुझ्या पाठीवर हा दुसऱ्याने लादला आहे.

क्षमा मी केली आहे. त्याचं वाईट चिंतत नाही, सूड नको. पण त्या घरात परत गेले नाही. क्षमा एका बाजूने करता येते. समेटाला दोघं लागतात, आणि चूक करणाऱ्याने आधी वळावं लागतं. ‘सत्तर वेळा सात’ वाचणारे त्याच अध्यायात जरा आधी बघत नाहीत. तिथे येशू सांगतो की भावाने अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला दाखव, ऐकलं नाही तर दोघं-तिघं घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. म्हणजे अपराधाला अपराध म्हणण्याची पद्धत प्रभूनेच घालून दिली आहे. आणि लूक सतरामध्ये आहे, पश्चात्ताप केला तर क्षमा कर.

याकोब आणि त्याने फसवलेला जुळा भाऊ एसाव आठवा. वीस वर्षांनी भेटले, गळ्यात पडून रडले. मग एसाव म्हणाला चल बरोबर. याकोब गेला नाही. एसाव सेईरला परतला, याकोब सुक्कोथला. समेट झाला आणि घरं वेगळी राहिली. त्यांनी नंतर बापाला मिळून पुरलं.

ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना १९९९ मध्ये ओडिशात मनोहरपूरला गाडीत जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि कुष्ठरुग्णांमधलं काम पुढेही काही वर्षं चालू ठेवलं. खटला मात्र चालला, शिक्षा झाली. त्यांच्या क्षमेने न्यायालय बंद पडलं नाही.

माझ्यासारख्या वाचणाऱ्या बहिणींसाठी एवढं लिहून ठेवते. २००१ पर्यंत आपल्या ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात बाईला नुसत्या क्रूरतेवर घटस्फोट मिळत नव्हता, व्यभिचारही सिद्ध करावा लागायचा. २००१ च्या दुरुस्तीने ते बदललं. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा सगळ्यांना लागू आहे. कॅथलिक बहिणींनो, जोडीदारापासून जिवाला धोका असेल तर वेगळं राहता येतं असं तुमच्या धर्मकायद्यातही आहे, कलम ११५३. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये लिहिलं की कधी कधी वेगळं होणं नैतिकदृष्ट्या आवश्यकच असतं.

पापडीकर

रूथताई, तुम्ही हे इथे लिहिलंत, फार बरं केलंत. आमच्या पॅरिशमध्ये लग्नपूर्व शिबिरात मी मदत करतो. ११५३ कलम तिथे सांगायला हवं. फादरांशी बोलतो.

डॅनी_पिंपरी

रूथताईंचं वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्या गटात अशा दोन बहिणी आहेत आणि आम्ही त्यांच्यासाठी फक्त ‘सहनशक्ती’ मागतो.

पाळकसाहेब, यहेज्केल अठरा वाचला. पटला. एका गोष्टीवर मी अजून तिथेच आहे. माणसाने स्वतःचं पाप उघड केल्याशिवाय आतून मोकळं होता येत नाही. बाबांची दारू औषधाने सुटली नाही. चौकात ज्याच्याकडून उधार प्यायचे त्याच्या समोर आणि आईच्या समोर उभं राहून त्यांनी कबूल केलं, तेव्हा सुटायला लागली. पापाची भाषाच टाकून दिली तर हे कसं होणार?

निवृत्त_पाळक

टाकू नकोस. कुणीच टाका म्हणत नाही. तुझ्या बाबांनी स्वतःचं पाप, ज्यांचं नुकसान केलं त्यांच्याच समोर सांगितलं. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयानेही तेच केलं, ज्याचं घेतलं त्याला चौपट परत. पापाची भाषा आहे ती यासाठी.

दुखणाइताला ती लावली की काय होतं ते यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात आहे. दुःखी सेवकाकडे पाहून लोक म्हणतात, याला देवानेच मारलं असं आम्हाला वाटलं. वधस्तंभाखाली उभे असलेलेही हेच म्हणत होते, देवाला हा हवा असेल तर सोडवील. दुःख पाहून पाप ठरवायची पद्धत बरोबर असती, तर सगळ्यांत मोठा पापी आपला प्रभूच ठरला असता. मला याहून मोठा पुरावा माहीत नाही.

शलोमीताई, आता तुमच्या आईंबद्दल. भावांनी विकलेल्या आणि पुढे मिसरात मोठा अधिकारी झालेल्या योसेफाची गोष्ट त्यांना येत असेल, पण लोक ती रडारडीवर संपवतात. योसेफाने भावांना ओळखलं त्या दिवशी मिठी मारली नाही. त्याने पाहिलं, ही माणसं बदलली आहेत का. धाकट्या बन्यामिनाला अडकवलं तेव्हा दुसरा भाऊ यहूदा पुढे आला आणि म्हणाला, याच्या जागी मला गुलाम ठेवा. ज्या यहूदाने योसेफाला विकायची कल्पना काढली होती, तोच. तेव्हा योसेफाला आवरलं नाही. आणि नंतरही, त्यांचा बाप याकोब मिसरात सतरा वर्षं जगून वारला, त्यावर भाऊ पुन्हा घाबरले की आता हा सूड घेईल. क्षमा मिळून सतरा वर्षं झाली तरी भीती गेली नव्हती. योसेफ रडला, रागावला नाही, त्यांना धीर दिला. इतका वेळ लागतो. आईंनी हे नाताळपर्यंत उरकायची अपेक्षा ठेवू नये.

पहिलं पाऊल आईंचं. मत्तय पाचमध्ये प्रभू म्हणतो, अर्पण वेदीपाशी ठेव आणि ज्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे त्याच्याकडे आधी जा. अर्पण घेऊन आलेल्यानेच जायचं आहे. घरी बोलावणं म्हणजे जाणं नव्हे. आईंनी मुलाच्या घरी जावं, तेही वहिनीने हो म्हटल्यावर. क्षमा मागताना ‘पण’ हा शब्द नको. आणि जे पाहुण्यांसमोर बोललं गेलं ते पाहुण्यांसमोरच मागे घ्यायला हवं. पापडीकरांनी नाव स्वच्छ करण्याचं लिहिलं, ते इथे लागू आहे. त्या प्रार्थनागटालाही कळू दे.

केडगाव_लाइन

वेळ लागण्यावरून नगरचंच एक उदाहरण. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात मोडला. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर त्या नगरला आल्या तरी स्वयंपाक-पाणी वेगळं. स्वतःचं मन वळल्यावर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचं दुःख कुणाच्या पापामुळे होतं? टिळकांनी मनाला पटलं ते केलं, आणि त्यात लक्ष्मीबाई भरडल्या गेल्या. दोन्ही खरं आहे. ते नातं जुळलं याचं मोठं कारण, त्यांना आपल्या गतीने यायला मिळालं.

शलोमी

पाळकसाहेब, हे सगळं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘बोलावणं म्हणजे जाणं नव्हे’ इथे ती उठून आत गेली. थोड्या वेळाने विचारलं, “तिला रविवारी वेळ आहे का विचार.” वहिनीला निरोप दिला आहे. तिने अजून उत्तर दिलेलं नाही, आणि मी तिच्या मागे लागणार नाही.

मार्था_मिरज

ज्या दिवशी मुलीला रक्त चढवायचं असेल त्या दिवशी ही भेट ठेवू नका. आदल्या दोन-तीन दिवसांतही नको, तेव्हा मूल थकलेलं आणि किरकिरं असतं. आणि बोलणं चालू असताना मुलीला दुसऱ्या खोलीत कुणाजवळ तरी ठेवा.

डॅनी_पिंपरी

पाळकसाहेब, शुक्रवारी आमच्या गटात वचन द्यायची, म्हणजे बायबलवर बोलायची, पाळी माझी आहे. ईयोबावर बोलावं म्हणतो. सगळं पुस्तक एका बैठकीत होणार नाही. कुठले अध्याय घेऊ?

निवृत्त_पाळक

दुसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या तीन ओव्या घे, मित्र गप्प बसतात त्या. मग तिसरा पूर्ण, घाई न करता. लोकांना अस्वस्थ वाटेल, वाटू दे. अलीफजाच्या भाषणासाठी चौथा, म्हणजे हे बोलणं किती ओळखीचं आहे ते त्यांच्या कानावर पडेल. तिथून थेट बेचाळिसावा, सात ते दहा. दहावी सोडू नकोस. ईयोबाने मित्रांसाठी प्रार्थना केली तेव्हा देवाने त्याची स्थिती पालटली असं तिथे आहे. आणि त्याआधी देवाने त्या मित्रांना ईयोबाच्या दारात पाठवलं होतं, सात बैल आणि सात एडके घेऊन.

त्या दोन बहिणी शुक्रवारी येणार असतील तर वचन झाल्यावर त्यांना सगळ्यांसमोर काही विचारू नकोस. रूथताईंना इथे निरोप टाक, त्या बोलतील त्यांच्याशी.